चार पाय पांढरे: घोड्याचा रंग आणि त्याचे गिऱ्हाईक

एकोणिसाव्या शतकात कलकत्त्याच्या धरमतला रस्त्यावर घोड्यांचे मोठमोठे तबेले होते. ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्समधून जहाजाने आणलेले घोडे तिथे विक्रीला उभे राहत. त्यांना ‘वेलर’ हे नाव पडले तेही इकडे, हिंदुस्थानातच. अशा एखाद्या तबेल्यात एक कुमाईत घोडा उभा आहे असे धरू. अंग तांबूस, आयाळ आणि शेपूट काळे, चारही पाय खुरापासून वर पांढरे आणि कपाळापासून नाकापर्यंत पांढरा पट्टा. त्याला पाहायला दोन गिऱ्हाइके आली. एक फोर्ट विल्यममधला इंग्रज अधिकारी, दुसरा बडाबाजारातला मारवाडी शेठ.

साहेब नाक मुरडणार. त्याच्या मुलखातल्या समजुतीप्रमाणे एक पाय पांढरा असलेला घोडा खुशाल घ्यावा, दोन असतील तर जरा विचार करावा आणि चारही पांढरे असतील तर तो दुसऱ्याच्या गळ्यात मारावा. कारण पांढऱ्या पायाचे खूर फिकट, आणि फिकट खूर कच्चे. शेठ मात्र हरखून जाणार. हा तर पंचकल्याणी! दारात बांधला तर घराचे कल्याण.

रंगावरून घोड्याचे गुण कळतात की नाही यावर हजार-दीड हजार वर्षे वाद चालला आहे. घोडा घेणाऱ्याचे मात्र बरेच काही कळते. त्या दृष्टीने कलकत्त्यासारखे शहर नाही. संस्कृत पोथ्या, फारसी फरसनामे (घोड्यांवरचे ग्रंथ), इंग्रजी पलटणी, शर्यतीचे मैदान आणि लग्नाच्या वराती या साऱ्यांचा इथे एकमेकांशी संबंध आला.

संस्कृत पोथी, फारसी भाषांतर, कलकत्त्याचा छापखाना

१७८८ मध्ये जोसेफ अर्ल्स नावाच्या इंग्रजाने कलकत्त्यात घोड्यांवरचे एक पुस्तक छापून घेतले. नाव ‘सलोतर’. म्हणजे आपला शालिहोत्र, अश्ववैद्यकाचा आद्य आचार्य. मूळ संस्कृत ग्रंथ शाहजहानच्या काळात अब्दुल्ला खान फिरोज जंग याने फारसीत आणला होता आणि अर्ल्सने त्या फारसीवरून इंग्रजी केले. पुढे १८८० च्या दशकात पार्क स्ट्रीटवरच्या एशियाटिक सोसायटीने आपल्या ‘बिब्लिओथिका इंडिका’ मालेत जयदत्त सूरीचे ‘अश्ववैद्यक’ प्रसिद्ध केले. संपादक होते कविराज उमेशचंद्र गुप्त. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कलकत्त्यातच नेमणुकीला असलेल्या डी. सी. फिलॉट या लष्करी अधिकाऱ्याने फारसी फरसनाम्यांवर काम केले आणि सआदत यार खान ‘रंगीन’ या उर्दू कवीच्या फरसनाम्याचे त्याने केलेले इंग्रजी भाषांतर १९११ मध्ये बाहेर पडले.

आजच्या वाचकाने या पोथ्या पशुवैद्यकाची पुस्तके समजून उघडल्या तर तो बुचकळ्यात पडेल. रोग आणि औषधे आहेतच. पण त्याच्या बरोबरीने, कधी त्याच्याही आधी, लक्षणे येतात. रंग, पांढरे ठिपके, केसांचे भोवरे, दात, चाल, खिंकाळणे. म्हणजे घोडा आजारी पडल्यावर काय करावे याइतकाच, घोडा घ्यावा की नाही हा या ग्रंथांचा विषय. ते साहजिकही होते. चांगला घोडा म्हणजे मोठी रक्कम गुंतवणे, आणि तो सांगून येणार परमुलखातल्या सौदागराकडून. त्या सौदागराच्या शब्दावर विसंबण्यापेक्षा पोथीतल्या खुणा बऱ्या.

शेपटीवरची पैज

रंगाची चर्चा आपल्याकडे थेट पैजेपासून सुरू होते. महाभारताच्या आदिपर्वात कद्रू आणि विनता या सवतींमध्ये समुद्रमंथनातून निघालेल्या उच्चैःश्रव्याच्या रंगावरून वाद होतो. विनता म्हणते, सगळा पांढरा. कद्रू म्हणते, शेपूट काळे. पैज जिंकायला कद्रू आपल्या सर्पपुत्रांना शेपटीला काळ्या केसांसारखे चिकटून राहायला सांगते. विनता हरते, दासी होते आणि तिला सोडवायला गरुडाला अमृत आणावे लागते. घोड्याचा रंग बदलून दाखवण्याची फसवणूक किती जुनी आहे, याचा यापेक्षा चांगला दाखला नको.

उद्योगपर्वातल्या गालवाची कथा दुसऱ्या टोकाची. गुरुदक्षिणा म्हणून विश्वामित्राने त्याच्याकडे चंद्रासारखे पांढरे, पण एक कान काळा असलेले ८०० घोडे मागितले. गालव राजांच्या दारोदार फिरला. तीन राजांकडे मिळून ६०० जमले, पुढे गाडी अडली. श्यामकर्ण घोडा धावायला किती चांगला, हे कथेत कुणी विचारतही नाही. तो दुर्मिळ आहे, एवढेच पुरते.

द्रोणपर्वात आणखी तिसराच उपयोग दिसतो. तिथे एका अध्यायात कोणत्या वीराच्या रथाला कोणत्या रंगाचे घोडे होते याची लांबलचक यादीच आहे. अर्जुनाचे पांढरे, म्हणून तो श्वेतवाहन, द्रोणाचे तांबडे. धुळीने भरलेल्या रणांगणात कोण कुठे आहे हे ओळखायचे तर ध्वजाइतकाच घोड्याचा रंग कामाचा.

नावे बदलत गेली

कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या बाराव्या शतकातल्या ‘मानसोल्लासा’त घोड्यांवर सविस्तर मजकूर आहे. त्याच शतकात गुजरातेत हेमचंद्राने ‘अभिधानचिंतामणी’ या कोशात घोड्यांच्या रंगांची नावे दिली: कोकाह, खोंगाह, सेराह, कियाह, वोल्लाह, उराह, कुलाह, हलाह. वाचतानाच कानाला कळते की हे शब्द संस्कृत घरातले नव्हेत. कोशकाराने ओढूनताणून व्युत्पत्ती दिल्या, पण हे शब्द घोड्यांच्या पाठीवर बसून, सौदागरांच्या तोंडून आलेले असणार. पश्चिम किनाऱ्यावर अरबस्तान आणि इराणकडून घोडे उतरत होते. माल येतो तिथून मालाची भाषाही येते.

त्यानंतरची शब्दसंपदा मराठी पागेतली, आणि ती बहुतेक फारसी-अरबी. कुमाईत म्हणजे तांबूस अंगाचा, पण आयाळ, शेपूट आणि पायांचा खालचा भाग काळा. त्यातला गर्द, तेल लावल्यासारखा चमकणारा तो तेल्या कुमाईत. सुरंग म्हणजे नखशिखान्त लाल, आयाळसुद्धा लालच. समंद पिवळसर, आयाळ काळी. मुश्की काळा, कस्तुरीवरून. अबलख म्हणजे दोन रंगांचे मोठे पट्टे असलेला. सब्जा पांढुरका. नुकरा चांदीसारखा, पण कातडी गुलाबी.

यात निळा घोडाही आहे. खंडोबाच्या भक्तांच्या तोंडी देवाचा घोडा निळा असतो आणि शहरी माणसाला ती कविकल्पना वाटते. तशी ती वाटू नये. काळ्या आणि पांढऱ्या केसांच्या मिश्रणातून ज्याच्या अंगावर निळसर, लोखंडी झाक येते असा घोडा खरोखर असतो आणि संस्कृत यादीतही ‘नील’ हा रंग आहे. चित्रकारांनी मात्र बहुतेक वेळा खंडोबाला पांढऱ्या घोड्यावर बसवले. कॅलेंडरवर पांढरा अधिक उठून दिसतो, हेही एक कारण असावे.

पाय, कपाळ आणि भोवरे

शुभाशुभाचा खरा बारकावा अंगाच्या रंगात नसून पांढऱ्या खुणांच्या जागेत आहे. हेमचंद्राच्या कोशात अष्टमंगल घोड्याची व्याख्या सरळ दिली आहे: शेपूट, छाती, चार खूर, आयाळ आणि तोंड पांढरे. चार पाय आणि तोंड पांढरे तो लोकांच्या बोलण्यातला पंचकल्याणी.

फारसी परंपरेचे गणित वेगळे. एकच मागचा पाय पांढरा असेल तर तो ‘अर्जल’, म्हणजे टाळावा. कपाळावर एवढासा पांढरा ठिपका, अंगठ्याखाली झाकला जाईल इतका, तर तो ‘सितारापेशानी’, तोही अपशकुनी. तोच ठिपका मोठा असेल, अंगठ्याबाहेर दिसत असेल, तर चिंता नाही. आजही एखादा जुना जाणकार घोड्याच्या कपाळावरचे केस बाजूला सारून अंगठा टेकवताना दिसला, तर तो लाड करतो आहे असे समजू नये. तो मोजमाप घेतो आहे.

मग भोवरे. घोड्याच्या कपाळावर, मानेवर, छातीवर, बरगडीवर केस चक्राकार फिरलेले असतात. गळ्याच्या खालच्या अंगाचा ‘देवमण’ सर्वांत शुभ; तो असला की बाकीचे दोष पोटात घातले जातात. खोगिराखाली येणारा, अश्रू ओघळतात त्या जागेचा किंवा असाच भलत्या ठिकाणचा भोवरा मात्र सौदा मोडायला पुरे. रुडयार्डचे वडील जॉन लॉकवूड किपलिंग यांनी १८९१ च्या आपल्या हिंदुस्थानातल्या प्राण्यांवरच्या पुस्तकात या समजुतींची दखल घेतली आहे.

यात गोम अशी की ही शास्त्रे विकणाऱ्यापेक्षा घेणाऱ्याच्या जास्त कामाची. लक्षणांची यादी इतकी लांब आहे की पूर्ण निर्दोष घोडा जगात सापडणे कठीण. म्हणजे भाव पाडायला एखादी खोट कायम हाताशी. मला तर वाटते, अपशकुनावर मनापासून विश्वास असणाऱ्यांपेक्षा घासाघीस करायला त्याचा वापर करणारे बाजारात नेहमीच जास्त असणार.

डाग, चेहरा आणि बारगीर

अपशकुनाशी काहीही देणेघेणे नसलेले एक खाते होते, ते म्हणजे लष्कराचे दफ्तर. मोगल मनसबदारांना घोड्यांच्या संख्येवर पैसे मिळत, म्हणून हजेरीच्या दिवशी उसने किंवा भाड्याचे घोडे उभे करण्याचे प्रकार सर्रास चालत. त्यावर उपाय म्हणून घोड्याला डाग द्यायचा आणि त्याचा ‘चेहरा’ लिहून ठेवायचा: रंग कोणता, पांढऱ्या खुणा कुठे. अलाउद्दीन खिलजीने हे सुरू केले, अकबराने पक्के केले. फरसनाम्यात जो ठिपका दुर्दैव आणत होता, तो इथे नुसता ओळखीची खूण झाला.

मराठी फौजेत शिलेदार स्वतःचा घोडा घेऊन येई आणि बारगिराला घोडा सरकारातून किंवा सरदाराच्या पागेतून मिळे. शिलेदाराचा घोडा लढाईत पडला तर भरपाईचा प्रश्न येई, त्यामुळे कुणाचा घोडा कोणता, त्याची किंमत काय, हे ठरलेले असणे दोन्ही बाजूंच्या हिताचे होते. या साऱ्या व्यवस्थेचा एक उत्तम अभ्यास एका बंगाली माणसाने केला: कलकत्ता विद्यापीठाचे सुरेंद्रनाथ सेन. त्यांचा मराठ्यांच्या लष्करी व्यवस्थेवरचा ग्रंथ १९२८ चा. बंगालला तो विषय परका नव्हता. १७४२ पासून नागपूरकर भोसल्यांचे घोडेस्वार बंगालवर चालून गेले, ‘बारगीर’चे तिथे ‘बर्गी’ झाले आणि त्यांच्या भीतीने कलकत्त्याभोवती मराठा खंदक खणला गेला. पुढे तो बुजवून त्या जागी सर्क्युलर रोड आला. बर्गींच्या घोड्यांचा रंग कुणी लक्षात ठेवला असेल असे वाटत नाही. टापांचा आवाज पुरेसा होता.

बालीगंजचे तांबूस घोडे

वॉरन हेस्टिंग्जने १७७३ मध्ये बनारसला ५० निवडक स्वारांचे अंगरक्षक दल उभे केले. पुढे ते गव्हर्नर जनरलचे अंगरक्षक दल झाले, आणि राजधानी दिल्लीला जाईपर्यंत त्याचा कलकत्त्यातला तळ बालीगंजला होता. आजचे राष्ट्रपतींचे अंगरक्षक दल ते हेच. प्रजासत्ताक दिनाला ते पाहताना एक गोष्ट लक्षात येते. सगळे घोडे कुमाईत, एकाच छटेचे. तुतारीवाला तेवढा पांढुरक्या घोड्यावर.

ही युरोपातल्या घोडदळाची रीत. धूर आणि धूळ यांत सेनापतीला हुकूम द्यायचा तर तो तुतारीतून द्यावा लागे, म्हणून तुतारीवाला दुरून दिसला पाहिजे. बाकीचे घोडे एका रंगाचे असले की पलटण एकसंध दिसते, आणि हे दिसणेच अर्धे काम करते. इंग्लंडात एका रेजिमेंटने १७६७ पासून कुमाईत घोडे ठेवले, म्हणून तिला ‘बेज’ म्हणू लागले. ‘स्कॉट्स ग्रेज’ पांढुरक्या घोड्यांवर. राजघराण्याचे घोडदळ काळ्यावर. नगारे वाहणारे घोडे मात्र मुद्दाम अबलख, कारण तिथे मिरवणूकच करायची असते.

लांब पल्ल्याच्या बंदुका आल्या तेव्हा याच देखणेपणाचा काच झाला. बोअर युद्धात आणि पुन्हा १९१४ मध्ये ‘स्कॉट्स ग्रेज’च्या पांढुरक्या घोड्यांना गडद रंग फासावा लागला. त्याआधीच्या पिढीत ब्रिटिश सेनानी लॉर्ड रॉबर्ट्स यांनी १८७७ मध्ये मुंबईत विकत घेतलेला ‘वोनोलेल’ हा पांढुरका अरबी घोडा काबूल-कंदाहारच्या मोहिमेत गेला, राणीकडून पदके मिळवून आला आणि १८९७ च्या हीरकमहोत्सवी मिरवणुकीत लंडनच्या रस्त्यांवर चालला. वीस वर्षांनी जन्मता तर त्याच्याही अंगावर रंगाचा कुंचला फिरला असता.

शर्यतीच्या मैदानावर

कलकत्त्यात शर्यती अठराव्या शतकात आक्रा इथे सुरू झाल्या, पुढे मैदानावर आल्या आणि १८४७ मध्ये टर्फ क्लब स्थापन झाला. शर्यतीत रंगाचे महत्त्व सगळ्यांत कमी असायला हवे, कारण निकाल खांबापाशी लागतो. तरीही समजुती सुटल्या नाहीत. सुरंग घोडी तापट, पांढुरका घोडा मऊ, असे घोड्यांच्या जगात पिढ्यान्‌पिढ्या बोलले गेले.

पांढुरक्याचा प्रश्न जरा वेगळा होता. थरोब्रेड जातीतला हा रंग जवळजवळ एकाच पूर्वजाकडून, अठराव्या शतकाच्या आरंभीच्या ‘ऑल्कॉक्स अरेबियन’कडून, चालत आला आणि एकोणिसाव्या शतकात तो इतका विरळ झाला की संपतो की काय असे वाटू लागले. मग १९११ मध्ये ‘टेट्रार्क’ जन्मला. करडा, आणि अंगावर चुना उडाल्यासारखे पांढरे डाग. सुरुवातीला लोक हसले. तो एकही शर्यत हरला नाही. त्याची मुलगी ‘मुमताज महल’ आगाखानांनी घेतली आणि तिचा नातू ‘महमूद’ १९३६ ची डर्बी जिंकला. इंग्लिश डर्बीच्या इतिहासात पांढुरके विजेते मोजून चार: १८२१, १९१२, १९३६ आणि १९४६. टेट्रार्कनंतर त्याच्या रंगावर कुणी हसल्याचे ऐकिवात नाही.

पोलोत तर रंग पाहायला वेळच नसतो. १८६२ चा कलकत्ता पोलो क्लब जगातला सर्वांत जुना मानला जातो. तिथे खेळाडू दर डावाला घोडा बदलतो, आणि त्याला हवे असते ते वळण आणि थांबणे.

शर्यतीच्या घोड्याच्या नोंदीत मात्र एक मजा आहे. प्रत्येक घोड्याच्या कागदावर रंग, पांढऱ्या खुणा आणि भोवऱ्यांच्या जागा आजही काढून दाखवतात. आता चिप बसवतात, रक्ताची तपासणी होते, पण भोवरे कागदावरून गेले नाहीत. देवमण असो की अपशकुनी भोवरा, नोंद दोघांची सारखीच.

अबलखाचे नशीब

रंगामुळे सर्वांत हेलकावे खाल्ले ते अबलखाने. मोगल आणि राजपूत चित्रांत अबलख घोडे हौसेने रंगवलेले दिसतात. पांढऱ्या घोड्यांचे पाय आणि शेपूट मेंदीने लाल करायचीही पद्धत होती, म्हणजे निसर्गाने एकच रंग दिला तर माणसाने दुसरा द्यायचा. इंग्लंडात नेमके उलटे. प्रदर्शनाच्या रिंगणात दुरंगी घोडा म्हणजे सर्कशीतला, दूधगाडीचा नाहीतर भटक्या जिप्सींचा. बांधा कितीही चांगला असो, परीक्षकाची नजर पुढच्या घोड्याकडे.

अमेरिकेत हे नियमातच लिहिले गेले. १९४० मध्ये स्थापन झालेल्या क्वार्टर हॉर्स संस्थेने ठरावीक मर्यादेपेक्षा जास्त पांढरे असलेली शिंगरे नोंदणीतून बाहेर ठेवली. आईबाप नोंदलेले, पण पोटावर पांढरा पट्टा आला म्हणून पोर बेवारस. अशा घोड्यांच्या मालकांनी १९६० च्या दशकात ‘पेंट हॉर्स’ म्हणून वेगळी संस्था काढली आणि ती भरभराटीला आली. मूळ संस्थेने आपला नियम २००४ मध्ये मागे घेतला. परीक्षकाची आवड आणि जातीची शुद्धता यांची गल्लत किती काळ चालू शकते, ते यावरून दिसते.

सगळ्याच रंगद्वेषामागे निव्वळ फॅशन नव्हती, हेही सांगायला हवे. एका प्रकारच्या दुरंगी घोड्यांची आपसात जोडी लावली तर काही शिंगरे पूर्ण पांढरी जन्मतात आणि आतड्याच्या दोषाने एक-दोन दिवसांत दगावतात. जुन्या पैदासकारांना जनुके माहीत नव्हती, पण मेलेली शिंगरे दिसत होती.

वरातीची पांढरी घोडी

बंगाली नवरदेव घोड्यावर बसत नाही. तो टोपर नावाचा मुकुट घालून फुलांनी सजवलेल्या मोटारीतून जातो. कलकत्त्यात लग्नाची घोडी लागते ती मुख्यतः मारवाडी आणि इतर उत्तर भारतीय कुटुंबांना, आणि ती पांढरीच लागते. व्हिक्टोरिया मेमोरियलसमोर चंदेरी पत्र्याने मढवलेल्या बग्ग्या उभ्या असतात, त्यांनाही पांढरे जनावर जुंपलेले असले की फोटो काढणारे जास्त मिळतात. या घोड्यांच्या हालांचे प्रकरण कलकत्ता उच्च न्यायालयापर्यंत पोचले, पण गिऱ्हाइकाच्या नजरेला बरगड्यांआधी रंग दिसतो.

जवळ जाऊन तोंडाकडे पाहा. नाकपुड्यांभोवतीची आणि ओठांची कातडी काळसर असेल, तर ते जनावर जन्मतः पांढरे नव्हते. शिंगरू असताना ते काळे, तांबूस किंवा करडे होते. दर वर्षी केस पिकत गेले आणि पुष्कळ वर्षांनी ते वरातीच्या कामाचे झाले. कातडी गुलाबी असेल, डोळे फिकट असतील, तर तो नुकरा. त्याला उन्हाचा त्रास. वैशाखातल्या भरदुपारच्या मुहूर्ताला तो उभा असतो तेव्हा नाकाचा शेंडा आणि डोळ्यांच्या कडा अक्षरशः भाजून निघतात.

यात विसंगती अशी की नंदुरबार जिल्ह्यातल्या सारंगखेड्याच्या यात्रेत, दत्तजयंतीला तापीकाठी भरणाऱ्या घोडेबाजारात, नुकऱ्याला चढा भाव मिळतो. पण ‘मारवाडी’ या घोड्यांच्या जातीच्या नोंदवहीत अशा पांढऱ्या, गुलाबी कातडीच्या घोड्यांना सहसा जागा नाही. बाजाराचा लाडका तो शास्त्राला नकोसा.

कातडीखाली काय आहे

घोड्याचे मूळ रंग लाल आणि काळा या दोनच रंगद्रव्यांच्या वाटपातून ठरतात. बाकीची जनुके ते फिकट करतात, ठिपके पाडतात किंवा पांढरे करून टाकतात. पांढुरकेपणाचे जनुकीय कारण २००८ मध्ये स्वीडनच्या संशोधकांनी शोधून काढले. हा बदल माणसाळलेल्या एका जुन्या पूर्वजाकडून सगळीकडे पसरला. त्याची किंमतही आहे: १५ वर्षांपुढच्या पांढुरक्या घोड्यांपैकी बहुतेकांना, साधारण ७० ते ८० टक्क्यांना, कातडीच्या काळ्या गाठी होतात. आयुष्यभर देवासारखा मिरवलेल्या घोड्याच्या शेपटीखाली या गाठी सापडतात.

फायदाही आहे, आणि तो कोणत्याच पोथीत नाही. हंगेरीतल्या संशोधकांनी २०१० मध्ये दाखवले की चावणाऱ्या घोडेमाश्या गडद घोड्यांकडे जास्त आणि पांढऱ्याकडे कमी जातात, कारण पांढऱ्या अंगावरून परतणारा प्रकाश त्यांना तितका खेचून घेत नाही. पांढरा खूर कच्चा असतो या साहेबाच्या समजुतीला मात्र खुराच्या तपासणीत आधार मिळालेला नाही. खुराचा टणकपणा चारा, ओलावा आणि नालबंदाचा हात यांवर जास्त ठरतो.

काळ्याला आलेले दिवस

मारवाडी परंपरेत काळा घोडा मृत्यूचा आणि अंधाराचा, म्हणून नकोसा. बंगालात तर रंगाचाही प्रश्न नाही. दुर्गा ज्या वर्षी घोड्यावरून येते ते वर्ष गडबडीचे, असे पंचांग सांगते. बांकुड्याच्या पाँचमुडा गावचे कुंभार मातीचे घोडे लाल आणि काळे दोन्ही करतात आणि दोन्ही देवाला चालतात. भट्टीत धूर कोंडला की काळा, सोडला की लाल, इतकाच फरक.

गेल्या काही वर्षांत हौशी पाळणाऱ्यांमध्ये काळ्याला मागणी आली आहे. प्रदर्शनात उन्हात चकाकणारे काळे अंग कॅमेऱ्यात फार छान येते आणि मोबाईलच्या पडद्यावर अपशकुन दिसत नाही. २०२२ मध्ये पंजाबातल्या संगरूर जिल्ह्यात एका व्यापाऱ्याने २२ लाख रुपयांहून जास्त मोजून काळा मारवाडी घोडा घेतला. घरी आणून आंघोळ घातली तर काळा रंग पाण्याबरोबर वाहून गेला आणि खाली साधा लाल देशी घोडा निघाला. पोलिसांत तक्रार झाली. कद्रूच्या पोरांना निदान शेपटीपुरतेच काम होते. इथे सगळे अंग रंगवले होते. काळा घोडा घ्यायला निघालेल्याने देवमण मागाहून शोधावा, आधी बादलीभर पाणी आणि खरारा मागावा.